वाट कुणाची, हे नकाशात नसतं

आम्ही आर्किटेक्ट लोक जन्मजात आशावादी. आमच्या चित्रात झाडं लावल्या दिवशीच दुमजली होतात आणि अंगणातली माणसं कधी भांडत नाहीत, कारण आम्ही त्यांना तोंडंच काढत नाही. वकील मात्र कागद उघडतो तोच मुळी माणूस मरेल, भाऊ उलटेल, घेणारा पळेल हे धरून. खरेदीखताच्या पहिल्याच पानावर तो दोन्हीकडच्या वालीवारसांना बसवतो. मंडळी समोर धडधाकट चहा पीत असतात, आणि हा त्यांच्या तेराव्याची सोय लावून मोकळा.

हे मला ज्यानं शिकवलं त्यानंच मला बुडवलं. म्हणून आधी त्याच्याविषयी.

माझा शाळेतला मित्र, पौडला वकिली करतो. मसुदा असा घट्ट लिहितो की त्यातून मुंगी जायची म्हटली तरी तिला दोन साक्षीदार लागावेत. एकदा त्याच्या खरेदीखतात वारा शिरला होता. नोटीस न देता आला म्हणून त्याला तसाच परत पाठवला, हे मी स्वतः पाहिलंय. पिरंगुटला माझ्या ऑफिसात यायचा तेव्हा माझे नकाशे लाल पेनानं रक्तबंबाळ करायचा.

"'योग्य उंचीची भिंत'. कुणाला योग्य? तुला, गवंड्याला, की शेजाऱ्याच्या म्हशीला?"

"अरे, ते साइटवर ठरतं."

"साइटवर ठरतं म्हणजे कोर्टात ठरतं, लेका! आणि इथं हिला पडवी म्हणतोस, तिथं व्हरांडा, पुढच्या पानावर ओटा. जागा एकच आहे की तिघी बहिणी? एका वस्तूला एकच नाव दे. आणि मित्रासाठी लिहू नकोस. तुझा कागद एक दिवस तुझा वैरी वाचणार आहे."

मी शिकलो. माझे नकाशे इतके बिनफटीचे झाले, की महाळुंग्याच्या एका ठेकेदारानं त्यातला एक वाचला आणि धंदा सोडून किराणा दुकान टाकलं.

मग या मित्रानं रिहे गावात जागा घेतली आणि घर मला काढायला सांगितलं. मी करार काढला, तर त्यानं तो माझ्या हातातून घेऊन टेबलावर पालथा घातला.

"आपल्या दोघांत कसला कागद?"

सख्ख्या मेहुण्याला शिडी उसनी देताना ज्यानं सही घेतली होती, तो माणूस मला म्हणतो कागद नको! माझी छाती मुळशीच्या धरणाएवढी झाली. पाणी सोडावं लागलं असतं.

त्या जागेतून एक वाट जात होती. वरच्या अंगाला एका धनगर कुटुंबाचा वाडा, म्हणजे मेंढरं कोंडायचं कुंपण, आणि खाली ओढा. मेंढरं रोज त्या वाटेनं पाण्यावर जायची. ती बंद झाली तर डांबरी रस्त्यानं वळसा. आणि त्या रस्त्यावर डंपर आणि शनिवारी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या. आम्ही दोघं त्या घरच्या कर्त्या माणसाला भेटायला गेलो. सगळे त्यांना मामा म्हणत.

मामा म्हणाले, "सरळ सांगा सायेब. वाट ऱ्हाणार का न्हाई? न्हाई म्हनत असाल तर आमी आत्ताच पंचाईतीत जातू. मागच्या मालकानं कधी आडवलं न्हाई."

वकिलानं छातीवर हात ठेवला. "मामा, वाट तुमचीच."

"मी नकाशातच काढतो की," मी म्हणालो.

"मंग झालं," म्हणत मामांनी आम्हाला चहा पाजला आणि पंचायतीचं नाव सोडलं.

वाट मी घराच्या मधोमध काढली. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसरीकडे झोपायच्या खोल्या, वर सलग छप्पर आणि त्याखालून मेंढरं. खुरं घसरू नयेत म्हणून खडबडीत फरशी. देवानं ते घर पाहिलं असतं तर कैलासाची डागडुजी माझ्याकडे आली असती. एक पावसाळाभर मेंढरं त्या छपराखालून ऐटीत गेली. वऱ्हाडी पाहुण्यांसारखी थांबून अंग झाडायची नि पुढं जायची.

वास्तुशांत झाली, आणि त्यानंतर वाटेच्या दोन्ही टोकांना लोखंडी फाटक बसलं. मध्ये झोपाळा.

मी तडक पौडला गेलो. "अरे, नकाशात वाट आहे!"

त्यानं कपाटातून माझाच नकाशा काढून पसरला. "आहे की. मी येतो-जातो तिथून. पण कुणाची, कशासाठी, कधीपर्यंत, मी जागा विकली तर पुढं काय, ते कुठंय?"

"मामांना तू बोललास. माझ्यासमोर!"

"बोललो."

"आपल्यात कागद नको, हेही तूच म्हणालास."

"म्हणालो. आणि तू ऐकलंस!" असं म्हणताना त्याच्या तोंडावर खरोखरचं दुःख होतं. पहिला येणारा विद्यार्थी नापास झाल्यावर मास्तरांना होतं तसं.

"मग आता लिहून दे."

"देतो की." त्यानं उभ्या-उभ्या लिहिलं: सदर जागेतून जनावरे नेण्यास मालक आपल्या मर्जीनुसार, सवडीनुसार व कोणाचाही कोणताही हक्क निर्माण न होता परवानगी देऊ शकतील.

एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. त्या वाक्यालाही दोन फाटकं होती, दोन्ही आतून बंद. कागद मी तिथंच टाकला.

गाडीत बसून नकाशा पुन्हा पाहिला. भिंतीच्या गिलाव्याविषयी मी अर्धं पान लिहिलं होतं: वाळू कसली, पाणी किती, चूक झाली तर कोण काढून देणार. वाटेवर एकच शब्द होता, 'वाट'. भिंत ठेकेदार बांधणार होता, त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. वाट माझा मित्र सांभाळणार होता.

मामांच्या वाड्यावर गेलो. जाताना पौडपासून रिह्यापर्यंत पुरेल एवढी थाप मनात जुळवली होती.

"काय म्हनला वकील?"

"नाही म्हणाला."

"आन तुमी?"

मामांनी वाड्याच्या तोंडाचा काट्यांचा झापा काढला आणि मेंढरं डांबरी रस्त्याच्या बाजूला वळवली. मी पुढं पळालो आणि वळणावर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. एक डंपर थांबला, शिव्या देत. त्यामागून एक गाडी आली, हॉर्न वाजवत, आणि काच खाली झाली. तोच होता, माझा वकील मित्र.

"अरे, वेडा झालायस का? बाजूला हो."

"शेवटचं मेंढरू जाऊ दे."

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

मी हललो नाही. मेंढरं त्याच्या बॉनेटला घासत, माझ्या पायांत घोटाळत गेली. शेवटी मामा आले. गाडीतल्या त्याच्याकडे आणि रस्त्यातल्या माझ्याकडे त्यांनी एकाच नजरेनं पाहिलं, जणू आम्ही दोघं एकाच गाडीतून उतरलो होतो, आणि ओढ्याकडे चालू लागले.