दातांच्या शेजारचं दार

काउंटरबाई कधीच आधी नाव विचारत नसत. मुलुंडच्या त्या क्लिनिकात कोणी पाऊल टाकलं, की पेनाचं टोपण काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न यायचा, "झोप लागते का?" नाव, वय, पत्ता सगळं नंतर. माणूस गडबडून खरं बोलून जायचा.

त्या मजल्यावर क्लिनिकची तीन दारं होती. टोकाला मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे औषधं देणारे डॉक्टर. मध्ये मानसशास्त्रज्ञ बाई. आणि जिन्यालगत समुपदेशक मॅडम, ज्यांच्या भिंतीला लागूनच दातांचा दवाखाना. त्यामुळे अख्खं मुलुंड समुपदेशक मॅडमकडेच वळायचं. कोणी ओळखीचं भेटलंच तर दाताचं निमित्त तयार! "लोक आपला त्रास बघत नाहीत, शेजारी कोणाचा दवाखाना आहे ते बघतात," असं काउंटरबाई वैतागून म्हणायच्या.

आम्हीही त्यातलेच. दादाने कामावर जाणं सोडलं होतं. महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. बाबांचं एकच, "आमच्या घरात कोण येडो नाय." आईने रडून रडून त्यांना तयार केलं, तर हे गृहस्थ गालाला रुमाल लावून निघाले. सोसायटीला दात दुखतोय असं दिसावं म्हणून! पेशंट दादा आणि रुमाल बाबांना. मला आजही हसू येतं आणि लाजही वाटते, कारण रिक्षात मीच म्हणाले होते, "बाबा, नीट धरा."

काउंटरबाईंनी रुमालाकडे एकदा पाहिलं. मग दादाला आणि मला बाजूच्या रिकाम्या खोलीत नेलं. झोप? नाही. जेवण? नाही. मग आवाज जराही न बदलता, "जीव नकोसा होतो का रे?"

दादा हो म्हणाला.

इतके दिवस आम्ही त्याला चहा विचारला, सुट्ट्या किती उरल्या ते विचारलं. हे कोणीच विचारलं नव्हतं.

बाहेर बाबा सगळ्यांसारखेच जिन्यालगतच्या दाराकडे निघाले होते. बाई आडव्या आल्या. "काका, तिथे बोलावं लागतं. पोरात आज बोलायची ताकद नाही. आधी टोकाचं दार. मॅडम कुठे पळून जात नाहीत."

"पण गोळ्यांची सवय लागली तर?"

"ते डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. आणि तो रुमाल खिशात घाला." त्यांनी दादाचा नंबर सगळ्यांच्या आधी लावला.

सावरायला वेळ लागला. पुढे मधल्या दारातल्या बाईंशी बोलणंही झालं. आज दादा कामावर जातो, माझ्याशी कडाकडा भांडतो. मला त्या भांडणांचंही कौतुक वाटतं.

गेल्या वर्षी काउंटरबाई भाजीबाजारात दिसल्या. निवृत्त झालेल्या, मिस्टर गेल्यापासून एकट्या. पिशवीत फक्त दोन लिंबं. मी विचारलं, "झोप लागते का?"

"या वयात कुठे लागते गं."

"जेवण?" त्या लिंबांकडे बघत राहिल्या. तिसरा प्रश्न विचारणं फार जड गेलं, पण विचारला. त्या नाही म्हणाल्या, पण जरा उशिराच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्याच मजल्यावर घेऊन गेले. जिन्यालगत त्यांचे पाय रेंगाळले. "मला इथे सगळे ओळखतात गं," त्या पुटपुटल्या. पदर गालापाशी गेला होता. मी त्यांचा हात घट्ट धरून काउंटरपाशी नेलं. नव्या मुलीने वर न बघता विचारलं, "नाव?"

"नाव नंतर लिही," मी म्हणाले. "आधी झोपेचं विचार."