वरची दाढ

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन तर चुकतंच. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कधी कुणाच्या हाती हे लागलं तर सांभाळून घ्यावं. बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

मी घरी ब्लाउज शिवते. एका दुपारी एक बाई माप द्यायला बसली होती, म्हणून नवऱ्याचं ताट वाढायला उशीर झाला. ती गेल्यावर त्याने पाण्याने भरलेला तांब्या माझ्या तोंडावर मारला. डाव्या बाजूची वरची दाढ कडकन वाजली. रक्त मी पदरात थुंकले, कारण मशीनवर त्या बाईचं कापड होतं. दाढेचा तुकडा जिभेला टोचत होता. मग मी ताट वाढलं.

पुढे गाल सुजला. आमच्याकडे दाढ दुखली की आधी लवंग, मग तंबाखूची चिमूट, मग मेडिकलमधली गोळी. दवाखाना सगळ्यात शेवटी. त्यातून वरची दाढ असली तर माणूस जातच नाही. वरची दाढ काढली की त्या बाजूचा डोळा जातो, असं सगळे मानतात. सासूने मला समोरच्या ओट्यावरची म्हातारी दाखवली. तिचा एक डोळा पांढरा झालेला.

"तिनं वरची दाढ काहाडली होती. मंग तू सुईत दोरा कशी ओवशीन?"

मला तीच भीती होती. मशीन सुटलं तर माझ्या हातात काहीच उरणार नव्हतं.

माझं कण्हणं नवऱ्याला सहन होईना. एका सकाळी तो ट्रॅक्टरच्या पेटीतली पक्कड घेऊन आला.

"तोंड उघड. कायले रडून राह्यली? आता काहाडतो."

त्याने मला भुईवर पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि जबडा दाबून धरला. पक्कडीला ग्रीस होतं, त्याची चव अजून तोंडात येते. पक्कड घसरली आणि हिरडी फाटली. मी जीव खाऊन त्याचं बोट चावलं, तोंडात रक्त आलं ते कुणाचं, कळलं नाही. मग त्याने मला लाथांनी तुडवलं. शेजारच्या घरातून थोरली जाऊ धावत आली. तिच्या हातात फुंकणी होती, तीच तिने त्याच्या खांद्यात हाणली.

"भाऊजी, ढोर हाय का ते? सरका मांगं!"

तिनेच मला एसटीने मंगरूळपीरला नेलं. दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला.

"ही किडलेली नाही, मारानं फुटली आहे. कुणी मारलं?"

जाऊ म्हणाली, "नवऱ्यानं. लिहा तुमी."

डॉक्टरांनी सांगितलं, काढायची तर आजच मोकळी होशील. वाचवायची तर नस साफ करून वर टोपी बसवावी लागेल, चकरा माराव्या लागतील आणि पैसेही बरेच लागतील. मी जावेच्या कानात डोळ्याचं सांगितलं. तिने ते मोठ्याने विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले, दाढेचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही.

"हसू नका डॉक्टरसायेब, तिचं पोट डोयावर हाय."

डॉक्टर खरंच सांगत असतील. तरी म्हातारीचा पांढरा डोळा माझ्यासमोरून हलेना. आणि जे त्याने पक्कडीने उपटायला घेतलं होतं, ते मी पैसे देऊन दुसऱ्याकडून का उपटून घ्यावं?

"वाचवा," मी म्हणाले. दवाखान्यात मी मोठ्याने बोलले ते एवढंच.

पैसे जावेने दिले, दूध विकून साठवलेले. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "निंघाली का?" मी हो म्हणून मान हलवली. टोपीचं त्याला सांगितलं नाही.

नंतर मी जावेचे पैसे थोडे थोडे फेडू लागले, तसे ब्लाउजचे पैसे त्याच्या हाती कमी पडू लागले. "कुठं घालून राह्यली?" म्हणत त्याने हात उचलला की मी उजवा गाल पुढे करायची. डावीकडच्या टोपीचे पैसे अजून फिटायचे होते. उजवीकडचे दोन दात तेव्हापासून हलतात. त्यांचं काय करायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पोळ्याच्या आधी मी उरलेल्या नोटा घेऊन जावेकडे गेले. तिने आधी मूठभर फुटाणे माझ्यापुढे धरले.

"डाव्या बाजूनं खाऊन दाखव."

मी खाल्ले. फुटाणे कुडूम वाजले. मग तिने नोटा घेऊन कमरेला खोचल्या.

"फिटले माय, सारे फिटले."