विमानातला दुसरा दिवा

त्या वर्षी देवीवरचा माझा विश्वास डळमळला होता, हे सांगायला आता संकोच वाटत नाही. पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती, लातुरात टँकर दिसला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची, आणि त्यातच ह्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेरीत कारकून म्हणून आलेला हा माणूस कधी साध्या तापानंही आडवा झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मुंबईला ऑपरेशनला न्या, विमानानं न्या आणि वाटेत त्यांना धसका बसू देऊ नका. मी माहूरच्या रेणुकेला नवसावर नवस बोलत सुटले. खरं तर ती भक्ती नव्हती, घासाघीस होती.

नवरात्र सुरू होतं. घट आणि अखंड दिवा जाऊबाईंवर सोपवून आम्ही नांदेडहून संध्याकाळचं विमान धरलं. जाऊबाई मनानं चांगल्या, पण मालिका लागली की त्यांना गॅसवरचं दूधही दिसत नाही. माझं अर्धं चित्त त्या दिव्यापाशीच होतं.

विमान वर चढून थोडा वेळ झाला आणि आतले दिवे गेले. डोक्यावरचा गार वारा थांबला. मग पायाखालून कुठून तरी मोठी घरघर सुरू झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "घरचा दिवा इझला हो." ह्यांनी छातीवर हात दाबला. ज्यांना जपायचं, त्यांना मीच धसका दिला होता.

शेजारी भोकरची एक मुलगी बसली होती. मुंबईत विमानांच्या दुरुस्तीची इंजिनिअर. ती वाकून म्हणाली, "मावशी, अखंड दिव्याची काजळी काढताना काय करता?"

"आधी त्याच्यावरूनच निरांजन लावून ठेवते. मोठा इझला तरी जोत ऱ्हाती."

"आम्ही बौद्ध, आमच्यात घट बसत न्हाई. पण शेजारच्या काकूंकडं लई बघितलंय. विमानात बी तसंच हाय."

मग तिनं ह्यांचा हात हातात घेतला आणि सावकाश समजावलं. इंजिनं चालू आहेत, त्यांच्यावर चालणारे जनरेटर तेवढे बंद पडले असावेत. अशा वेळी पहिल्यांदा बॅटरी धावून येते. शेपटीत एक लहान इंजिन असतं, तेही वीज देऊ शकतं. शिवाय विमानाच्या अंगातून एक छोटा पंखा आपोआप बाहेर उतरतो आणि वाऱ्यावर फिरून वीज करतो. ती वीज थोडकी, म्हणून ती पायलटची यंत्रं आणि रेडिओ यांना आधी मिळते. आपले दिवे आणि चहा त्यात बसत नाहीत.

"मग ही घरघर?" ह्यांनी विचारलं.

"तोच पंखा, काका. त्यो फिरून राहिलाय."

"फिरवतंय कोण?"

"कुणीच न्हाई. विमान पुढं चाललंय, त्याचाच वारा. पंख्यानं फकस्त खाली उतरायचं."

ह्यांचा चेहरा निवळला. थोड्या वेळानं कॅप्टननं सांगितलं, जवळ आहे म्हणून हैदराबादला उतरतोय. मी नवस आठवू लागले, पण एकही आठवेना. ती घरघर ऐकत मी नुसती बसून राहिले आणि विमान टेकलं.

पुढे प्रवास नको, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्यानं मुंबईचं ऑपरेशन हैदराबादलाच झालं. ती मुलगी दवाखान्यापर्यंत सोबत आली आणि घाईत मी तिचं नावही विचारलं नाही. घरी फोन केला तर जाऊबाई म्हणाल्या, दिवा चांगला जळून राहिलाय की. त्या मुलीच्या रूपानं रेणुकाच आली होती का, याचा खल मी करत नाही. तिला देवी म्हटलं तर तीच हसेल. आज हे ओसरीवर बसून माझ्याकडं तिसऱ्यांदा चहा मागतात, यासाठी मी दोघींचीही ऋणी आहे.

पण मला जे मिळालं, ते ऑपरेशनच्या आधीच मिळालं होतं. हैदराबादला ह्यांचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी आलं तेव्हा सवयीनं नवस तोंडाशी आला, पण कुणी न फिरवता फिरणारा तो पंखा आठवला आणि मी नवस गिळला. "आई, आता तू बघ," एवढंच म्हटलं आणि ह्यांचा हात सोडला. दार बंद झालं. आतून काय बातमी येईल हे मला ठाऊक नव्हतं, तरी कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी भिंतीला पाठ टेकून शांत बसले.