दगडावरची दहावी ओळ

आमच्या गावात जन्मून जे मोठे झाले ते सगळे गाव सोडून गेलेले. मागे राहिलो ते आम्ही, भात लावणारे आणि पेज उकळणाऱ्या. आमचं नाव कोणी घेत नाही, ते मला चालतं. पण ऐंशी सालानंतर गावात एक दगड आला आणि माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर नाही.

दगडाची कल्पना फ्रान्सातली. खाडीकडच्या मोहल्ल्यातला एक जण बोटीवर स्वयंपाकी होता. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचा. एकदा दुकानात बसून तो सांगू लागला, की तिकडे बंदराजवळ एक खेडं आहे, आपल्या दोन वाड्यांएवढं. वेशीवर दगड, आणि त्यावर तिथं पूर्वी राहून गेलेल्या नामांकित माणसांची नावं. एक चित्रकार, एक डॉक्टर, एक पाव भाजणारी बाई.

"पाव भाजणारी कशाला?" दुकानदाराने विचारलं.

"लढाईत सगळ्या गावाला तिनंच खायला घातलं म्हणे."

मुंबई मंडळाच्या अध्यक्षांनी गणपतीला आल्यावर हे ऐकलं. पाव भाजणारी विसरले, दगड तेवढा लक्षात ठेवला. हे मंडळ म्हणजे मुंबईला नोकरीत असलेले आमचे चाकरमानी. वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि शिमग्याला, आणि गावाने काय करायचं ते सांगून जातात.

देवळात सभा झाली. अध्यक्षांनी नऊ नावं वाचली. मामलेदार, फौजदार, नाटकात राजाचं काम करणारा, असे. एक तर दोन वर्षांचा असताना आईच्या कडेवर बसून मुंबईला गेला, तो परत फिरकला नाही. आम्ही बाया खांबांमागे बसलो होतो. मी उठले.

"माझ्या सासूचं नाव घाला."

सासू सुईण होती. त्या नवांतले सहा तिच्या हातात जन्मले. मोहल्ल्यातही तीच जायची. पावसात मधला पऱ्या, म्हणजे ओढा, भरून वाहत असला तरी दोरी धरून पलीकडे जायची.

"वहिनी, म्हातारी थोर होती, नाही म्हणत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण ही गाव सोडून गेलेल्यांची यादी आहे. म्हातारी कुठं गेली?"

"दोन वर्षांमागे गेली. तुमच्याच भावाने खांदा दिला."

बाया हसल्या. मग पुरुषही हसले. अध्यक्षांना हो म्हणावं लागलं. मी चौथी शिकलेली. पाटीवर घोटलेल्या अक्षरात कागदावर तिचं नाव लिहिलं आणि खाली सुईण असं लिहिलं. कागद अध्यक्षांच्या हातात दिला. माझे यजमान तेव्हा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

शिमग्याला दगड आला. मुंबईहून कोरून आणलेला, काळा, चकचकीत. पालखी बसते त्या सहाणेजवळ चिऱ्यांच्या भिंतीत बसवला. मी दहावी ओळ वाचली. तिथं माझ्या सासऱ्याचं नाव होतं, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. त्याला लागून बारीक अक्षरात 'यांच्या पत्नी, सुईण'. तिचं नाव कुठंच नव्हतं.

सासरा कोण, ते सांगते. लग्नाच्या पाचव्या वर्षी गिरणीत गेला, तिथं दुसरी बाई केली आणि गणपतीलाही घरी आला नाही. तो मेल्याचं कार्ड आलं त्या दिवशी सासूला खाडीपलीकडून बोलावणं होतं. तिनं कार्ड कोनाड्यात ठेवलं आणि होडीत बसली. परत आल्यावर विहिरीवर आंघोळ केली. बाळंतपणाची की नवऱ्याची, ते तिनं सांगितलं नाही.

मी अध्यक्षांना गाठलं. "कागदावर मी काय लिहून दिलं होतं?"

"वहिनी, नुसतं बाईचं नाव बरं दिसत नाही. कुणाची कोण, ते कळायला नको?"

"अडलेली बाई तिला कुणाची कोण म्हणून बोलावत नव्हती."

"आता कोरलं ते कोरलं."

घरी यजमान म्हणाले, "असू दे गो. बापाचं नाव लागलं दगडावर, वाईट काय?"

"तुमच्या बापाला तुमचं नाव तरी आठवत होतं काय?"

ते जेवले नाहीत. मी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बांधकामावरून घमेल्यात थोडं सिमेंट आणलं. अध्यक्ष सहाणेवर चहा घेत बसले होते, त्यांच्यासमोर ते कालवलं आणि दहाव्या ओळीतलं एकेक अक्षर बोटाने भरत गेले. सासऱ्याचं नाव आधी भरलं.

"वहिनी, दगड मंडळाचा आहे."

"दगड मंडळाचा. सासू माझी."

कोणी हात धरायला पुढे आलं नाही. तिथं बसलेल्या पुरुषांतले निम्मे तिनेच नाळ कापलेले. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या खेपेला बरोबर नाव कोरून आणू. किती शिमगे झाले. नऊ नावांना दरवर्षी हार घालतात.

बोटीवरचा तो सुटीत आला तेव्हा दगडाशी थांबला. बुजलेल्या ओळीवर हात फिरवून म्हणाला, "काकी, इथं कोण होतं?"

"पाव भाजणारी," मी म्हटलं.

तो समजला, तोही तिच्याच हातातला. बाकी कोणी विचारलं तर मी नाव सांगते. तिचं एकटीचं, मागेपुढे कोणी न लावता. सिमेंट अजून धरून आहे.