जिनिंगचा भंडारा अन् माझी फिटर पोरगी

अन् वरून मलाच म्हणतो, "बाई, कायदा तुमी शिकवू नका. आपलं जिनिंग सीझनवर चालते. सीझनवाल्याले सूट असते." अरे असते तर असते… पण कोणी दिली, कुठं लिहिली, एवढं तर सांग! ते नाही. उठला अन् फोन कानाला लावला. फोन वाजलासुद्धा नव्हता.

हा आमच्या जिनिंगचा मॅनेजर. अकोटच्या रस्त्यावर आहे जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना; नाव लिहीत नाही, पोरीनं नको म्हटलं. मी तिथं कापसातला पाला अन् खराब बोंडं वेचते. वावर पिकेना म्हणून एका सीझनसाठी गेले होते, पोरगी तेव्हा कडेवर होती… कपाशीवर बोंडअळी आली त्या सालापासून तर अर्ध्या गावच्या बाया तिथंच आहेत.

तीच पोरगी, प्रणाली, यंदा आयटीआय झाली. फिटर. आता पुढं एक वर्ष कुठंतरी अप्रेंटिस राहिली तर कोणी नोकरीला उभं करेल. नाही तर परतवाड्याचं स्थळ आलं आहे… तिचे बाबा म्हणाले, संक्रांतीपर्यंत वाट पाहतो, मग उरकून टाकतो.

तिच्या आयटीआयच्या सरांनी सांगितलं, तीस अन् त्याच्या वर माणसं असली की मालकाला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. मला काय आनंद झाला! म्हटलं आमच्या इथं तर नुसत्या बायाच त्याहून जास्त आहेत.

म्हणून परवा तिला घेऊन मॅनेजरकडे गेले. सूट-सूट करून झालं, मग म्हणे, "अन् तीस माणसं हायेत कुठं? आपले तर दहा-बारा लोकं." मी म्हटलं, "अन् आमी?" तर म्हणे, "तुमी मुकादमाच्या."

मुकादमाच्या… जसं काही त्यानं आम्हाला बाजारातून आणलं.

बाहेर येऊन सरांना फोन लावला. सर म्हणाले, मुकादमाच्या बायाही धरून मोजायचं असतं काकू, साहेब तपासायला येतात तेव्हा तुम्ही दिसत असालच ना? मी म्हटलं, कोणते साहेब? एवढ्या वर्षांत मी एक साहेब पाहिला नाही.

शकीलाबी माझ्या बाजूला बसून वेचते. तिला हे सांगितलं तर हातातला कापूस तसाच राहिला. म्हणे, "अवं येडे… भंडारा!"

दर सीझनला एक दिवस मुकादम सकाळीच येऊन सांगतो, चला वं बायांनो, आज मालकाकडून मारोतीच्या देवळात भंडारा, हजेरी पुरी भेटन. मग आम्ही सगळ्या नाल्यापलीकडच्या देवळात. रोडगे, वांग्याची भाजी, बुंदी. शकीलाबी पदर डोक्यावर घेऊन वाढायला सगळ्यांच्या पुढं. आम्ही म्हणायचो, मालक किती देवभोळा माणूस…

दिवस मात्र कधी एक नसायचा. कधी सोमवार, कधी बुधवार. मारोतीचा भंडारा अन् बुधवारी! पण जेवणाऱ्याला वार दिसतो का? परत यायचो तर अंगण झाडलेलं, ऑफिसात चहाचे चांगले कप… अन् आम्ही हात जोडून मालकाला आशीर्वाद देत कामाला बसायचो.

म्हणजे आम्ही मोजल्या गेलो नाही, म्हणून पोरीची जागा निघाली नाही. अन् तपासायला आलेल्या साहेबानं मोजू नये, म्हणून आम्हाला बुंदी वाढल्या गेली.

घरी येऊन प्रणालीला हे सांगितलं. तर म्हणाली, "आई, ते बुंदी तू मायासाठी पदरात बांधून आणत होती न…" बस, एवढंच.

काल ती माझ्यासोबत वेचायला आली. घरात बसून काय करू म्हणे. आयटीआयचा निळा शर्ट घालून… मी म्हटलं काढ तो, रुई चिकटते. ऐकलं नाही. मान वळवून वळवून मशीनकडे पाहत होती. मुकादम ओरडला, "ओ इंजिनेर मॅडम, हात चालवा!" बाया हसल्या. ती पण हसली… ते हसणं माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

मी चौथी शिकलेली, लिहिण्यात चुकलं असेल तर चुकलं. मॅनेजर साहेब, तुमच्या घरचे हे पान वाचतात, ते तुम्हाला दाखवतील. सूट असेल तर कोणी दिली ते दाखवा. नसेल तर पोरीला घ्या. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे.

शनिवार मारोतीचा खरा वार आहे. त्या दिवशी आम्ही सगळ्या बाया गेटवर उभ्या राहू… देवळात नाही. जेवायला बोलावू नका. मोजायला या.