वृद्धाश्रमाचं मागचं दार

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की चहा येईपर्यंत न्हाणीघर बघून यायची. फरशी निसरडी आहे का, भिंतीला धरायला काही आहे का, दाराची कडी बाहेरून उघडते का. माझी आई कानकोंडी व्हायची. बाबा म्हणायचे, "ती खोड नाहीये तिची, नोकरी आहे."

नोकरी वृद्धाश्रम तपासायची. त्याआधी बरीच वर्षं ती रुग्णालयात परिचारिका होती. रोगी उचलून उचलून कंबर गेली, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या आत्यानं तपासनिसाच्या सरकारी नोकरीची परीक्षा द्यायचं ठरवलं. आजोबा म्हणाले, "आता शिंगं मोडून वासरांत शिरणार का?"

"वासरांत कुठे, अण्णा. म्हाताऱ्यांत शिरतेय," ती म्हणाली आणि पास झाली.

तिची तपासणी बघण्यासारखी असायची म्हणे. कागदपत्रं ती शेवटी मागायची. आधी खोलीत जाऊन रिकाम्या पलंगावर सरळ आडवी व्हायची आणि पडल्या पडल्या हात लांब करायची. पाण्याचा पेला हाताला लागतो का, बोलवायच्या घंटीची दोरी सापडते का. मग एखाद्या आजोबांचं पांघरूण वर करून टाचा बघायची, कारण माणसाला वेळेवर कूस बदलून देतात की नाही हे टाचा सांगतात. जेवण चाखायची, अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवायची. खोटं बोलणाऱ्यावर चिडायची, पण व्यवस्थित चाललेली जागा दिसली की हरखून जायची. घरी येऊन आम्हाला सांगायची, "काय सुंदर घड्या होत्या गं चादरींच्या!"

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ती पहिल्यांदा गेली तेव्हा अशीच हरखली होती. दुमजली इमारत, पुढे हिरवळ, गावभर नाव. मॅनेजरबाई कामाला वाघीण, तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या आवडीनिवडी त्यांना तोंडपाठ. आत्यानं सगळ्यांच्या टाचा बघितल्या. एकाही टाचेला लाली नव्हती. रागवायला काही सापडेना. दुपारच्या चहाच्या वेळी ती मॅनेजरबाईंना म्हणाली, "आता आगीची घंटा वाजवा. सगळ्यांना बाहेर काढून दाखवा."

मॅनेजरबाईंचा चेहरा पडला. "आत्ता? अहो, म्हातारी माणसं आहेत. घाबरतील."

"आग लागली की आणखी घाबरतील. वाजवा."

घंटा वाजली आणि सगळा पचका झाला. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बस कंडक्टर राहायचे. कानानं कमी, आवाजानं दणदणीत. ते "पुढे सरका, पुढे सरका" करत सगळ्यांना घेऊन पुढच्या दाराकडे निघाले. चाकाच्या खुर्च्या एकमेकींत अडकल्या. तेवढ्यात आत्या आगीच्या वेळी वापरायच्या मागच्या दाराकडे धावली. दार हातभर उघडून अडलं. पलीकडे जुन्या गाद्या आणि एक मोडकी खुर्ची रचून ठेवली होती. आणि वरच्या मजल्यावर, जिला सगळे रेशीमआजी म्हणायचे, ती तशीच पलंगावर राहिली. तिचे पाय कधीच गेले होते. दोन आया तिच्या खोलीच्या दारात उभ्या राहून वाद घालत होत्या, उचलायचं कुणी आणि न्यायचं कसं, लिफ्ट तर बंद.

आत्या वर पोचली तेव्हा रेशीमआजीनं तिच्याकडे शांतपणे बघितलं. "म्हणजे खरी आग असती तर मी जळाले असते का गं?"

आयांनी माना खाली घातल्या. मॅनेजरबाई घाईघाईनं म्हणाल्या, "नाही हो आजी, असं कसं..."

"हो, आजी," आत्या म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस," म्हातारी म्हणाली. "इथे सगळे माझ्याशी गोड गोडच बोलतात."

खाली आल्यावर मॅनेजरबाईंचा बांध फुटला. "इतकी वर्षं जिवाचं रान केलं. तुम्ही एका दुपारीत आमचं नाव धुळीला मिळवणार."

"नाव कुठे जात नाही," आत्या म्हणाली. "दार मोकळं करा. आणि सगळ्यांना बाहेर काढणं जमेपर्यंत नवीन कुणाला राहायला घ्यायचं नाही, तसं मी लिहिणार आहे." मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. "एक गादी आणा. आणि रुंद पट्टे."

तपासणीचं काम तिथे संपलं होतं. पण आत्यातली परिचारिका गप्प बसेना. गादीखालून पट्टे कसे घ्यायचे, माणसाला त्यात लहान बाळासारखं कसं गुंडाळायचं, डोक्याकडे एकीनं आणि पायाकडे एकीनं धरून जिन्यावरून कसं सरकवत आणायचं, सगळं तिनं दाखवलं. आया बिचकत होत्या. तेव्हा ती स्वतःच गादीवर झोपली. "रेशीमआजीपेक्षा मी दुप्पट आहे. मला उतरवलंत तर कुणालाही उतरवाल."

तिला जिन्यावरून खाली आणताना सगळा वृद्धाश्रम कठड्याला टेकून बघत होता. कंडक्टर ओरडले, "बाई, हाफ तिकीट चालणार नाही!" पायऱ्यांवर गादी धपधप आपटत होती, आया हसून हसून बेजार झाल्या होत्या, आणि मॅनेजरबाई, ज्या आत्तापर्यंत डोळे पुसत होत्या, त्या म्हणाल्या, "आता मला झोपवा."

पुढचे काही आठवडे आत्याच्या डोक्यात तेच. जेवताना मध्येच म्हणायची, "सराव करत असतील का गं?" पुन्हा तपासणीला जायचं होतं, तेही न कळवता. त्या दिवशी सकाळी ती इतकी उतावीळ झाली होती की दोन वेगवेगळ्या चपला घालून बाहेर पडली आणि फाटकातून परत आली.

टेकडी चढून ती वृद्धाश्रमाच्या वाटेला लागली, तोच घंटा वाजू लागली. आत्या थबकली. तिनं तर अजून फाटकही उघडलं नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला खालून येताना बघितलं आणि हे नाटक सुरू केलं. तिचं डोकं सणकलं.

मागचं दार सताड उघडलं. आधी चाकाच्या खुर्च्या आल्या, एकामागोमाग एक, गाडीचे डबे यावेत तशा. मग काठीवाले. कंडक्टर दारात उभे राहून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते, "सावकाश, धक्काबुक्की नको, सगळ्यांना जागा आहे." आया वर जात होत्या, खाली येत होत्या, कुणी कुणाला विचारत नव्हतं. आत्याचा राग कुठल्या कुठे गेला. नाटक असलं तरी काय झकास बसवलंय, ती मनात म्हणाली.

मग तिला वास आला. कपडे धुवायच्या खोलीच्या खिडकीतून काळा धूर निघत होता.

आत्या धावली. कंबर आहे हे विसरून धावली. मॅनेजरबाई हिरवळीवर माणसं मोजत होत्या. आत्याला बघून त्यांना आश्चर्य वाटायलाही वेळ नव्हता. "बंब निघालाय. रेशीमआजी यायची आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

आत्या दाराशी पोचली तेव्हा आतून धपधप आवाज आला. पायरी, पायरी, पायरी. मग गादीचं टोक दिसलं आणि गादीत गुंडाळलेली रेशीमआजी, फक्त तोंड बाहेर. वाद घालणाऱ्या त्याच दोन आया घामाघूम होऊन पट्टे ओढत होत्या. आत्यानं पुढचा पट्टा धरला. तिघींनी मिळून गादी हिरवळीपर्यंत नेली, आणि तिथे पोचल्यावर एकीला रडू फुटलं नि दुसरी हसायला लागली. कंडक्टरांनी आत डोकावून एकदा हाळी दिली, "कुणी राहिलंय का?" आणि दार लावून घेतलं.

बंब आला, आग विझली. कपडे वाळवायचं यंत्र जळून कोळसा झालं, खोलीची भिंत काळी पडली, बाकी कुणाला ओरखडाही नाही. बंबवाले म्हणाले, यंत्राच्या जाळीत कपड्यांची लव साचली होती, तिनं पेट घेतला. आत्यानं लगेच लिहायला घेतलं.

"आजसुद्धा चूक लिहिणार?" मॅनेजरबाईंनी विचारलं. तोंडावर काजळी होती, पण त्या हसत होत्या.

"जाळी रोज साफ व्हायला हवी," आत्या म्हणाली. "आणि बाकी जे बघितलं, तेही लिहिणार आहे. ते लिहायला मात्र मला शब्द शोधावे लागतील."

धूर गेल्यावर एकेकाला आत न्यायला सुरुवात झाली. रेशीमआजीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी नाही येत. किती वर्षांनी अंगावर वारा घेतेय. आणि ढग बघा किती आहेत. तुम्ही मला आग लागल्यावरच बाहेर काढणार का?"

तपासणीच्या कुठल्याही नियमात ही गोष्ट नव्हती, आत्या नंतर आम्हाला सांगायची. तिनं चपला काढल्या आणि ती म्हातारीशेजारी गवतावर बसली. मॅनेजरबाईही येऊन बसल्या. ऊन असेल त्या दिवशी रेशीमआजीला खाली आणायचं, असं तिथेच ठरलं, आणि तसं ते होत राहिलं.

आत्या घरी आली ती कपड्यांना गवत चिकटलेलं, अंगाला धुराचा वास, आणि तोंडाचा पट्टा चालू. आई म्हणाली, आधी अंघोळ कर. पण आत्या स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, आणि कुणाला हलू न देता तिनं पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.