परातीतलं ऊन

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजीच्या, म्हणजे माझ्या, दिवाणखान्यात भिंतीवर पितळेची परात का टांगलेली आहे, ती स्वयंपाकघरात का नाही. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून लिहून पाठवते. क्रमाने सांगते, म्हणजे मध्येच शंका येणार नाहीत.

माझं लहानपण पाचोडला गेलं. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. घर तीन खोल्यांचं, एकीच्या मागे एक. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. ज्वारीची कोठी तिथेच आणि उन्हाळ्यात विंचूही तिथेच. दिवसा कंदील लावणं आईला पटायचं नाही. कोठीत हात घालायचा असला, की ती मला परात देऊन अंगणात उभी करायची. मी परातीवर ऊन घ्यायचं आणि दारातून आत पाडायचं.

पहिल्यांदा मी ते सरळ कोठीवर, म्हणजे आईच्या तोंडावरच टाकलं.

"डोळ्यात नको मारू गं, मला काय दिसंल? समोरच्या भिंतीवर पाड. भिंत देईल उजेड."

भिंतीला चुना दिलेला होता. ऊन तिच्यावर पडलं आणि सगळी खोली एकसारखी उजळली. कोपऱ्यातली केरसुणीसुद्धा दिसायला लागली. त्या दिवशी विंचू निघाला नाही, याचं मला वाईट वाटलं होतं.

पुढे अण्णांनी औरंगाबादला बदली मागून घेतली. शहर आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, पण माझ्या तोंडात जुनं नावही येतं. इथे मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. त्याच सुमारास पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवणाऱ्या एका कंपनीने इंग्रजी बोलणारा गाईड हवा म्हणून जाहिरात दिली. मला लेणी आवडत होती, बोलायला आवडत होतं आणि जाहिरातीत कुठेही पुरुष हवा असं म्हटलेलं नव्हतं. मी अर्ज केला.

आमच्याकडे तेव्हा आत्या राहायला आलेली होती. तिने कपाळाला हात लावला.

"परक्या पुरुषांच्या पुढं पुढं चालणार व्हय तू?"

"आत्या, गाईडला पुढंच चालावं लागतं. मागं राहिलं तर पाहुणे हरवतात."

आई पदर तोंडाशी धरून आत गेली. ती हसत होती हे आत्याला कळलं नाही.

अण्णा मात्र हसले नाहीत. जालन्याचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि ती मंडळी उत्तराची वाट पाहत होती. अण्णा म्हणाले, "एकदा जाऊन ये. जमलं तर बघू. नाही जमलं तर विषय बंद, आणि मी जालन्याला होकार कळवतो."

कंपनीचंही म्हणणं तेच होतं. एक फेरी करून दाखवायची. बरोबर त्यांचे सर्वांत जुने गाईड येणार आणि ते सांगतील तो निर्णय. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. वयाने अण्णांच्या बरोबरीचे, कडक इस्त्रीचा सफारी आणि बोलणं आपल्या शहराचं, मराठीत हिंदी मिसळलेलं. मोटारीत बसताना त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "बेटा, उन्हात चक्कर तो नहीं आती?"

पाहुणे म्हणजे एक वयस्कर इंग्रज जोडपं. त्यातल्या बाईंनी तरुणपणी एका पुस्तकात अजिंठ्याच्या छताचं चित्र पाहिलं होतं. तेवढ्यासाठी त्या आल्या होत्या. लेण्यांच्या पायथ्याच्या फर्दापूरपर्यंत मी खूप बोलले. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

पहिल्या लेण्याच्या ओसरीत पोचलो आणि आतला दिवा विझला. पहारेकरी बाहेर येऊन म्हणाला, "लाईट फर्दापूरकडूनच गेली. कवा येईल, नाय सांगता येत."

आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. बाई नवऱ्याच्या हाताला धरून उभ्या राहिल्या. उस्तादांनी घड्याळ पाहिलं. "लाईट गई तो बात खतम. बाहेरची मूर्ती दाखव, खाली चल. तुझी गलती नाही, पण फेरी पूर्ण झाली असं मी सांगू शकत नाही."

बात खतम म्हणजे जालना. मी ओसरीतल्या उन्हाकडे पाहिलं. ड्रायव्हरने हॉटेलातून आणलेली जेवणाची टोपली तिथेच ठेवली होती आणि तिच्यातून चहाचा मोठा चकचकीत ट्रे डोकावत होता.

"उस्ताद, हा जरा उन्हात धराल का?"

"मी?"

"मला आत बोलायचंय."

त्यांनी ट्रे हातात घेतला, माझ्यावर उपकार म्हणूनच. मी आत जाऊन म्हटलं, वर पाडा. ट्रेएवढा एक पांढरा चौकोन छतावर थरथरायला लागला. त्याच्या आत रंग धुऊन निघाल्यासारखे, त्याच्या बाहेर आणखीच काळोख. पाहुण्यांनी डोळ्यांवर हात धरले. बाहेरून उस्ताद म्हणाले, "देख लिया? आता चला."

तेव्हा मला आई ऐकू आली. डोळ्यात नको मारू. पण इथल्या भिंतींवर चित्रं, चुन्याची भिंत आणायची कुठून? मी टोपलीतला पांढरा टेबलक्लॉथ काढला, आत जमिनीवर नीट चारी कोपरे ओढून अंथरला आणि म्हटलं, "उस्ताद, आता खाली पाडा. कापडावर."

कापड पेटल्यासारखं पांढरं झालं आणि छत हळूहळू वर आलं. आधी कमळं, मग फळं, मग तळ्यातून धावणारा हत्ती. बाई जमिनीवरच बसल्या आणि मान मागे टाकून बघत राहिल्या. मी बोलत होते. इतकं चांगलं इंग्रजी मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

"किती वेळ?" बाहेरून आवाज आला. "हात दुखतोय."

"थोडं डावीकडे, उस्ताद. हंस राहिलेत."

पहारेकरी मोठ्याने हसला. ट्रे मात्र डावीकडे गेला आणि हंसही आले.

आज तिथे असं ऊन पाडायला परवानगी नाही आणि ते योग्यच आहे, चित्रं जपायला हवीत. पण त्या दिवशी आम्ही ते छत शेवटपर्यंत पाहिलं. दुपारी जेवताना टेबलक्लॉथवर लेण्याची धूळ होती, म्हणून सगळे मांडीवर ताटल्या घेऊन जेवले. बाईंनी स्वतःच्या वाट्याचं केळं उस्तादांना दिलं.

परतताना उस्ताद दंड चोळत बसले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली तेव्हा म्हणाले, "उद्या वेरूळ. सकाळी वेळेवर ये. ट्रे मी धरणार नाही."

अण्णा फाटकात उभे होते, मागे आई आणि आत्या. मी काही सांगण्याआधीच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घरात वळले. चहा होईपर्यंत त्यांनी जालन्याला चार ओळी लिहून टाकल्या आणि मोठ्याने वाचूनही दाखवल्या: "सध्या जमणार नाही. मुलीला सुट्टी नाही."

आत्या म्हणाली, "सुट्टी नाही? आजच तर लागली कामाला."

माझ्याकडून ट्रेची आणि टेबलक्लॉथची गोष्ट ऐकून आई केव्हाच उठली होती. ती पाचोडची परात घासायला घेऊन गेली होती, बाहेरच्या खोलीत टांगायला.